काइनाच्या नगरापासून नव्या यरुशलेमपर्यंत: पवित्र शास्त्रात शहर म्हणजे काय?

निळीशाई

गेल्या महिन्यात उत्पत्ती, शास्त्रातलं पहिलं पुस्तक, पुन्हा वाचायला घेतलं आणि ४:१७ ला (अध्याय ४, वचन १७) अडकले. पहिलं शहर कोणी बांधलं? काइनाने. भावाचं रक्त हाताला लागलेलं, 'तू पृथ्वीवर भटकत राहशील' असं देवाने सांगितलेलं, आणि हा माणूस एदेनच्या पूर्वेला नोद देशात जाऊन नगर वसवायला घेतो. त्याला मुलाचं नाव देतो, हनोख. पुढे अकराव्या अध्यायात बाबेल, मग सदोम. अब्राहाम मात्र शेवटपर्यंत तंबूत.

माझं मत असं होत चाललंय की शास्त्राचा शहरावर भरवसा नाही. देव भेटतो तो रानात, विहिरीपाशी, जळत्या झुडपात. शहरात माणूस स्वतःचं नाव मोठं करतो.

पण मग प्रकटीकरणाचे, म्हणजे शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकाचे, शेवटचे दोन अध्याय वाचले की हे मत डळमळतं. हरवली होती एदेनची बाग, म्हणजे बाग परत मिळायला हवी ना? आणि स्वर्गातून उतरते ती नगरी! खुनी माणसाने सुरू केलेली गोष्ट देवाने शेवटी आपलीशी का केली असेल? वाचताना तुम्हाला काय जाणवलं ते सांगा.

पाऊलखूण

छान विषय, ताई. तुमच्या मांडणीतला अब्राहाम मला थोडा दुरुस्त करावासा वाटतो. इब्री लोकांस ११:९-१० मध्ये तो तंबूत राहिला हे तर आहेच, पण का राहिला तेही दिलंय. पाया असलेलं, देवाने रचलेलं आणि बांधलेलं नगर येईल म्हणून तो वाट पाहत होता. म्हणजे तंबू हे त्याचं ध्येय नव्हतं, तो मुक्काम होता.

जुनापिंपळ

बाबेलच्या गोष्टीत शहर हेच पाप आहे, असं मला कधीच वाटलं नाही. ११:३-४ सावकाश वाचा. शिनारच्या मैदानात दगड नाही, म्हणून वीट भाजतात. चुना नाही, म्हणून डांबर वापरतात. इथपर्यंत कौतुकच आहे, कारागिरी आहे. पुढचं वाक्य महत्त्वाचं: आपलं नाव करू, नाहीतर आपली पांगापांग होईल. 'नाहीतर' या शब्दात सगळं आलं. ते घाबरलेले आहेत. काइनही घाबरलेलाच होता, 'जो कोणी मला गाठेल तो मला ठार करील' असं तो म्हणतो. देवाने त्याला संरक्षणाची खूण दिली होती (४:१५), तरी त्याने नगर बांधायला घेतलं. खुणेवर विश्वास बसला नाही, भिंतीवर बसला.

माझ्या मते शास्त्राची तक्रार शहराबद्दल नाहीच, भीतीपोटी उभारलेल्या भिंतीबद्दल आहे.

जाता जाता: मराठी वाचकाला इथे एक आयता फायदा आहे. उत्पत्तीतलं बाबेल आणि नबुखद्नेस्सर राजाचं बाबेल हा हिब्रूत एकच शब्द आहे आणि आपल्या शास्त्रातही एकच ठेवलाय. इंग्रजीत दोन वेगळी नावं (बेबल आणि बॅबिलोन) झाल्यामुळे तिथल्या वाचकाला हा धागा जुळवून दाखवावा लागतो.

सोनकी

सदोमसाठी अब्राहामाने देवाशी केलेली घासाघीस विसरू नका! इतके नीतिमान सापडले तरी शहराचा नाश नको म्हणतो: पन्नास, पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस, दहा. आधी पाच-पाचने खाली येतो, मग धीर चेपल्यावर दहा-दहाने. स्वतः तंबूत राहणारा माणूस एका शहरासाठी सहा वेळा देवाकडे रदबदली करतो. तो शहराचा वैरी कसा म्हणायचा? :-)

पाऊलखूण

सोनकी, अगदी! आणि सदोमचं पाप काय होतं ते यहेज्केल १६:४९ मध्ये थेट सांगितलंय: गर्व, पोटभर अन्न, निवांतपणा, आणि तरी दीनदुबळ्यांना हात दिला नाही. आमच्या मंडळीत या वचनावर संदेश झाला त्या दिवशी उपासनेनंतर बराच वेळ कोणी उठलं नव्हतं.

कोरापान

मी नेहमी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही.

नोकरीसाठी मी एका अनोळखी शहरात गेले. दोन वर्षांत परत यायचं हे ठरलेलं. त्यामुळे सामानाची तीन खोकी उघडलीच नाहीत. भिंतीला खिळा ठोकला नाही, शेजाऱ्यांची नावं विचारली नाहीत. दोन वर्षांची नऊ झाली. तेव्हा आमच्या संध्याकाळच्या वाचनगटात यिर्मया २९ आलं.

प्रसंग असा आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमचे लोक बंदिवान होऊन बाबेलला गेलेत. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना तेच ऐकायचं होतं. आणि संदेष्टा यिर्मयाचं पत्र येतं: सत्तर वर्षं. घरं बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांची फळं खा, लग्नं करा. आणि सातव्या वचनात ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. हित म्हणजे मूळचा शब्द शालोम, एकाच वचनात तीनदा. ज्या शहराने त्यांच्या घरादाराची वाताहत केली, त्या शहराचं शालोम!

त्या रात्री घरी येऊन पहिलं खोकं उघडलं. आत पडदे होते, घडीच्या रेषेवर पिवळे पडलेले. नऊ वर्षं मी हनन्याचं ऐकत आले होते.

निळीशाई, देव शहराकडे कसा बघतो याचं मला मिळालेलं उत्तर त्या पत्रात आहे.

सोनकी

कोरापान, खिडक्यांना ते पडदे लावलेत ना?

कोरापान

लावले. अजून आहेत.

जुनापिंपळ

कोरापान, मनापासून लिहिलंत. पण यिर्मयाला अर्धाच वाचून चालणार नाही. याच यिर्मयाने यहूदाचा राजा सिद्कीया याच्या चौथ्या वर्षी, म्हणजे त्या पत्रानंतर थोड्याच वर्षांत, सरायाच्या हाती एक पुस्तकपट बाबेलला पाठवला (५१:५९-६४). त्यात बाबेलवर येणारं सगळं अरिष्ट लिहिलेलं होतं. सूचना अशी की वाचून झालं की त्याला धोंडा बांध आणि फरात नदीत टाक, आणि म्हण, बाबेल असंच बुडेल. एका हाताने 'त्याचं हित पाहा' आणि दुसऱ्या हाताने हा धोंडा. प्रकटीकरण १८:२१ मधला देवदूत जात्याच्या तळीएवढा दगड समुद्रात फेकतो, तो याच धोंड्याचा वारस.

रानपाखरू

मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात, पिंपळकाका. बाबेलचा तोरा बुडणार, पण बाबेलमध्ये जे शेजारी आहेत, ज्यांच्याकडून पाणी भरायचं, ज्यांच्या मुलांसोबत आपली मुलं खेळणार, त्यांचं हित पाहायचं. साम्राज्य आणि शहर यांत शास्त्र फरक करतं. अश्शूरच्या राजधानीचं, निनवेचंही तसंच नाही का? नहूम संदेष्टा त्याला रक्तपाती नगरी म्हणतो आणि इ.स.पू. ६१२ मध्ये ते खरोखर पडलं. पण योनाच्या पुस्तकाचा शेवट बघा. योना शहराच्या पूर्वेला मांडव घालून बसलाय, शहराचं काय होतं ते बघायला. आणि देव त्याला विचारतो, उजवा हात कुठला नि डावा कुठला हे न कळणारी १,२०,००० हून अधिक माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं जिथे आहेत, त्या मोठ्या नगराची मी कीव करू नये काय? पुस्तक तिथेच संपतं. योनाचं उत्तर नाही. गुरंसुद्धा मोजणारा देव!

शब्दवेडी

भाषेचा मुद्दा निघालाच आहे म्हणून. हिब्रूत 'ईर' आणि ग्रीकमध्ये 'पोलिस', शहराचे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी. म्हणून सियोनकन्या (सियोन म्हणजे यरुशलेमच), म्हणून विधवेसारखी बसलेली यरुशलेम, म्हणून प्रकटीकरणात एकीकडे बाबेल ही वेश्या आणि दुसरीकडे नवी यरुशलेम ही वधू. मराठीत 'नगर' नपुंसकलिंगी, 'शहर'ही तसंच, पण 'नगरी' म्हटलं की ती बाई होते. नगरी आणि नवरी एका अक्षराने वेगळ्या, आपल्या कानाला ते रूपक अनुवादात न हरवता ऐकू येतं.

अबोली

शब्दवेडी, तुमचं निरीक्षण बरोबर, पण मला हे रूपक वाचताना त्रास होतो आणि तो इथे सांगायलाच हवा. यहेज्केल १६ आणि २३ एका बाईला सगळ्यांसमोर ऐकवून बघा. शहर चुकतं ते राजे, व्यापारी, याजक यांच्यामुळे, आणि शिक्षा होताना मात्र चित्र विवस्त्र केलेल्या बाईचं. आमच्या गटात एक वडीलधारी बहीण हा भाग आला की मान खाली घालून बसायची. कारण कोणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

शब्दवेडी

तुमचं म्हणणं पटलं, अबोली. मी नुसत्या शब्दाच्या गमतीत अडकले होते. विलापगीत, यरुशलेमच्या पाडावावरचं शोकगीत, मात्र मला वेगळं वाटतं, कारण तिथे ती नगरी स्वतः बोलते. आधी तिच्याबद्दल कोणीतरी बोलतो, आणि मग अध्याय एकमध्येच ती तोंड उघडते: वाटेने जाणाऱ्यांनो, तुम्हाला याचं काहीच नाही का, माझ्यासारखं दुःख कुठे आहे का ते पाहा. रचना पाहिली तर आणखी पोटात तुटतं. पहिले चार अध्याय हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने बांधलेत. २२ अक्षरं, पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात २२-२२ वचनं, तिसऱ्यात ६६. पाचव्यातही २२ वचनं, पण अक्षरांचा क्रम सुटलेला. रडता रडता हुंदका आवरत नाही, तसं.

अबोली

हे माहीत नव्हतं. आज रात्री पाचही अध्याय एका बैठकीत वाचते.

वेशीपाशी

माझं टोपणनावच या धाग्यासाठी ठेवल्यासारखं झालंय, म्हणून जरा लांब लिहितो.

शहर म्हटलं की आपण भिंती आणि इमारती बघतो. शास्त्र वेस बघतं. अब्राहामाचा पुतण्या लोट सदोममध्ये कुठे बसलेला भेटतो? वेशीत (उत्पत्ती १९:१). बवाज विधवा रूथच्या लग्नाचा प्रश्न कुठे सोडवतो? वेशीत, दहा वडीलधारी माणसं बसवून. अबशालोम बापाचं, दावीद राजाचं, राज्य पोखरायला कुठे उभा राहतो? वेशीच्या वाटेवर, न्याय मागायला येणाऱ्यांना अडवून. आमोस संदेष्टा ओरडतो तो वेशीत न्याय प्रस्थापित करा म्हणून. कोर्ट, बाजार, चावडी, सगळं तिथेच.

आणि शरणपुरं! गणना ३५ आणि यहोशवा २०. लेव्यांच्या, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाच्या, ४८ नगरांपैकी सहा. यार्देन नदीच्या पश्चिमेला केदेश, शखेम, हेब्रोन, पूर्वेला बेसेर, रामोथ, गोलान. लाकूड तोडताना कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटलं आणि शेजाऱ्याला लागून तो मेला (अनुवाद १९:५ मधलं उदाहरण), तर मारेकऱ्याने यातल्या एका नगराकडे धाव घ्यायची. यहोशवा २०:४ मध्ये पुढचं बारकाईने दिलंय. त्याने वेशीच्या तोंडाशी उभं राहून नगरातल्या वडीलधाऱ्यांना आपली हकिकत सांगायची, त्यांनी त्याला आत घ्यायचं आणि राहायला जागा द्यायची. धापा टाकणारा माणूस, मागे सूड घेणारा नातेवाईक, आणि वेशीतली म्हातारी माणसं त्याचं ऐकून घेताहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ही सोय परदेशी माणसालाही होती, हे दोन्ही पुस्तकांत स्पष्ट लिहिलंय. तिथे राहायचं प्रमुख याजक मरेपर्यंत. मग घरी जायला मोकळा.

आता इब्री १३:१२ वाचा. येशूने वेशीबाहेर दुःख सोसलं. 'वेशीबाहेर' हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. कोणाला तिथे ठेवतात, कोणाचा तिथे शेवट होतो, ते आपल्याला शब्दातच कळतं. ज्या नगरीकडे बघून तो रडला (लूक १९:४१), तिनेच त्याला वेशीबाहेर काढलं. आणि पत्र लिहिणारा म्हणतो, चला, आपणही त्याच्याकडे बाहेर जाऊ, कारण इथे आपल्याला टिकणारं नगर नाही.

मग प्रकटीकरण २१:२५. त्या नगरीच्या बारा वेशी कधीच बंद होत नाहीत.

पाऊलखूण

वेशीपाशी, हा प्रतिसाद मी जतन करून ठेवतोय. उलट टोकाला यरीहो आठवलं. यहोशवा ६:१: वेशी घट्ट बंद, कोणी आत येईना, कोणी बाहेर जाईना. आणि त्याच तटाला लागून असलेल्या घरात राहाब राहते, हेरांना खिडकीतून दोरीने उतरवते. बंद शहरातली ती एक उघडी खिडकी. मत्तयाने तिला येशूच्या वंशावळीत घेतलंय.

भटका_वाचक

थोडं अवांतर. शुभवर्तमानांत येशू मोठ्या शहरांत फारसा दिसत नाही, हे कोणाच्या लक्षात आलंय का? नासरेथपासून जेमतेम ६ किलोमीटरवर सेफोरिस हे गालीलातलं मोठं शहर होतं, हेरोद अंतिपाने ते नव्याने उभं केलं. नव्या करारात त्याचं नावसुद्धा नाही. आणि पौल मात्र शहराशिवाय दिसत नाही: अंत्युखिया, फिलिप्पै, करिंथ, इफिस. शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा मिळालं तेही अंत्युखियात (प्रे. कृत्ये ११:२६). करिंथमध्ये पौल घाबरलेला असताना प्रभू त्याला सांगतो, या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत (१८:१०). तोवर त्यांतले बहुतेक ख्रिस्ती झालेलेही नव्हते!

आत-बाहेर चाललंय म्हणून प्रकटीकरणात ज्याला पत्र आहे त्या फिलदेल्फिया शहराचंही सांगतो. इ.स. १७ च्या भूकंपात ते शहर हादरलं, आणि त्या काळचा भूगोलकार स्ट्राबो लिहितो की धक्क्यांच्या भीतीने तिथले बरेच लोक शहराबाहेर शेतांत राहत. या लोकांना प्रकटीकरण ३:१२ मध्ये काय वचन मिळतं? तू देवाच्या मंदिरातला स्तंभ होशील आणि पुन्हा कधी बाहेर जाणार नाहीस. भिंत कधी अंगावर येईल या धास्तीत राहिलेल्या माणसाने हे ऐकल्यावर त्याला कसं वाटलं असेल!

सांजवात

माझ्या वडिलांच्या पवित्र शास्त्रात फार खुणा नाहीत. ते पुस्तकावर लिहायच्या विरोधात होते. एका जागी मात्र पेन्सिलची बारीक उभी रेघ आहे, पातळ कागदावर पलीकडूनही उमटलेली. जखऱ्या ८:४-५. यरुशलेमच्या चौकांत म्हातारे आणि म्हाताऱ्या हातात काठी घेऊन बसतील, आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून जातील.

पडलेल्या शहराला देवाने दिलेलं हे वचन. सोनं नाही, सैन्य नाही. म्हातारपणापर्यंत जगलेली माणसं आणि रस्त्यात खेळायला न घाबरणारी मुलं. शेवटच्या दोन वर्षांत वडील काठी घेऊन दारातच बसायचे, गल्लीतल्या मुलांचा चेंडू आला की काठीने परत ढकलायचे. रेघ त्यांनी कधी मारली ते मला माहीत नाही.

सोनकी

सांजवात, डोळे भरून आले.

जुनापिंपळ

या प्रतिसादानंतर वाद घालणं जड जातंय, पण वेशीपाशी यांना विचारायचं होतं. वेशी सदा उघड्या, मान्य. पण प्रकटीकरण २१:२७ म्हणतं, अशुद्ध काही आत येणार नाही, आणि २२:१५ मध्ये बाहेर कोण कोण आहेत त्याची यादीच आहे, खुनी त्यात आहेत. मग उघडी वेस म्हणजे काय? मला हे सोपं करून घ्यायचं नाही.

वेशीपाशी

मलाही नाही, काका. मी एवढंच बघतो की २१:२४ मध्ये पृथ्वीचे राजे आपलं वैभव त्या नगरीत आणतात. हे तेच 'पृथ्वीचे राजे' आहेत जे अठराव्या अध्यायात बाबेल जळताना बघून रडले आणि एकोणिसाव्यात ख्रिस्ताविरुद्ध लढायला जमले. आणि २२:२ मध्ये झाडाची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. बाहेर आहेत हे लिहिलंय, आणि वेस लावलेली नाही हेही लिहिलंय. दोन्ही वाक्यं मी तशीच धरून ठेवतो.

शब्दवेडी

निळीशाईंच्या 'बाग का नाही' या प्रश्नाचं उत्तर वेशीपाशी यांनी दिलेल्या वचनात (२२:२) आहे की! ते जीवनाचं झाड आहे, नदी आहे. बाग हरवलेली नाही, नगरीच्या आत आलीय. शिवाय नगरीची लांबी, रुंदी, उंची सारखी, प्रत्येकी १२,००० स्टेडिया, म्हणजे २,००० किलोमीटरहून जास्त. शास्त्रात असा सर्व बाजूंनी सारखा आणखी एक घन येतो, शलमोनाच्या मंदिरातलं परमपवित्रस्थान, म्हणजे सगळ्यात आतली खोली: २० हात बाय २० हात बाय २० हात (१ राजे ६:२०). तिथे वर्षातून एकदा, एकच माणूस जायचा. इथे त्या खोलीचंच शहर झालंय, म्हणून आत वेगळं मंदिर नाही.

निळीशाई

दोन दिवस सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. शहराबद्दलचं माझं पहिलं मत मी मागे घेते.

शरणपुरांनी मला हलवलं. पहिलं शहर माणूस मारलेल्याने जिवाच्या भीतीने बांधलं. आणि पुढे देव स्वतः सांगतो की सहा शहरं नेमा, कशासाठी? हातून माणूस मेलेल्याला जिवाची भीती असते म्हणून. काइनाने घाबरून जे चुकीच्या जागी शोधलं, तेच देवाने नीट करून दिलं असं वाटलं.

जुनापिंपळ

पण काइनाने जाणूनबुजून मारलं होतं. शरणपुराच्या वेशीत त्याची हकिकत टिकली नसती. गणना ३५ त्याबाबत अगदी कडक आहे.

निळीशाई

हो, ते मान्य आहे. काइन त्या वेशीत उभा राहू शकला नसता. म्हणून मी पुन्हा ४:१७ वर गेले, आणि गटातल्या हिब्रू येणाऱ्या काकांना मूळ वाक्य विचारलं. ते म्हणाले, 'वायही बोने ईर'. 'बांधलं' असं पूर्ण झालेलं क्रियापद तिथे नाही. तो नगर बांधत होता, एवढंच आहे. बाबेलबद्दल मात्र ११:८ मध्ये लिहिलंय की त्यांनी बांधणं सोडून दिलं. काइनाच्या नगराचं काम संपलं की सोडलं, ते कुठेच नाही. काइन मेल्याचंही लिहिलेलं नाही. तो अजून विटा रचतोय असं मला काल रात्रभर दिसत राहिलं, आणि खूण अजून त्याच्यावर आहे.